गंजलेल्या तुकड्यावरून हे कसे कळते?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. मी धातुशास्त्र शिकवतो आणि प्राचीन चीनच्या लोखंडाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: ‘अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे लोखंड ओतत होते, हे उत्खननातल्या गंजक्या तुकड्यावरून कशावरून ठरवता?’

बाह्य आकारावरून हे ठरत नाही. छोटासा नमुना कापून, चकचकीत होईपर्यंत घासून, अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या पातळ नायट्रिक आम्लात क्षणभर बुडवला की सूक्ष्मदर्शकाखाली धातूची घडण उघडी पडते. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस तापमान लागते. छोट्या भट्टीत ते वितळतच नाही, त्याचा सच्छिद्र गोळा होतो आणि तो ठोकून घडवताना आत अडकलेली मळी (खनिजातला वितळून उरलेला काचेसारखा कचरा) लांबट रेघांच्या रूपात उरते. उलट, लोखंडात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरला की ते सुमारे 1150 अंशांनाच वितळते आणि साच्यात ओतता येते. त्याची रचना इतकी वेगळी असते की दोन्हींची गल्लत होत नाही. शान्शी प्रांतातील तियानमा-छूत्सुन येथे इसवी सनपूर्व आठव्या-सातव्या शतकातले ओतीव तुकडे असेच ओळखले गेले.

‘पहिले कोण’ या वादात मला फारसा रस नाही. ओतण्यापेक्षा मोठी करामत पुढची आहे. सिलिकॉन कमी असलेले पांढरे बीड (बीड म्हणजे ओतीव लोखंड) किती ठिसूळ असते, हे कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. त्याची कुदळ दगडावर आपटली तर तुटेल. लुओयांगला इसवी सनपूर्व पाचव्या शतकातली एक वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार) मिळाली. तिच्या काटछेदात आत पांढरे बीड आणि बाहेर कार्बन कमी झालेला, पोलादासारखा पातळ थर दिसतो. म्हणजे ओतल्यानंतर ती पुन्हा दीर्घकाळ तापवली गेली होती. तिथल्याच एका फावड्यात तर सिमेंटाइट (लोखंड आणि कार्बनचे कठीण, ठिसूळ संयुग) फुटून ग्राफाइटचे पुंजके तयार झाले आहेत. असे बीड आघात सोसते, आणि म्हणूनच ते शेतीच्या अवजारांना चालले.

कधी धातू उरलेलाच नसतो. हपै प्रांतातल्या थाइशी येथे 1972 मध्ये शांगकालीन (इसवी सनपूर्व सुमारे सोळावे ते अकरावे शतक) कुऱ्हाड सापडली. अंग कांस्याचे, पाते लोखंडी, पण पूर्ण गंजलेले. चीनमध्ये लोखंड गाळण्याची सुरुवात तितकी मागे नेण्याचा मोह तेव्हा साहजिक होता. मात्र त्या गंजातही निकेल आणि कोबाल्ट कमी-अधिक प्रमाणाच्या थरांत टिकून होते. असे थर लाखो वर्षांच्या संथ थंडाव्यातच तयार होतात, कोणत्याही भट्टीत नाही. तेव्हा ते लोखंड उल्केचे ठरले.

कालमापनाला मात्र एक अडचण आहे. बिडातला कार्बन इंधनातून येतो. लाकडी कोळसा वापरला असेल तर रेडिओकार्बनने, म्हणजे काळानुसार घटत जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनच्या प्रमाणावरून, वस्तूचे वय काढता येते. सोंग काळापासून (दहावे ते तेरावे शतक) दगडी कोळसा भट्टीत आला, आणि त्यातला कार्बन इतका जुना असतो की वस्तू प्रत्यक्षाहून हजारो वर्षे जुनी भासते. अशा वेळी आधी गंधक तपासावे लागते, कारण दगडी कोळशातून ते बिडात जास्त उतरते.