भाड्याने द्यायच्या फ्लॅटसाठी कर्ज काढलं, त्याची गोष्ट

रावेर तालुक्यात आमची केळी आणि गावात छोटं कृषी सेवा केंद्र. मे महिन्यातल्या वादळात उभी बाग आडवी झाली, त्याच आठवड्यात घरात ठरलं की दरमहा येणारं काहीतरी हवं. जळगावात भाडेकरू मिळतात, म्हणून तिथे दोन खोल्यांचा जुना फ्लॅट बघितला. सौदा २४ लाखांना ठरला.

पहिल्या बँकेत आमची केळी कुणी मोजलीच नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे कागदोपत्री ते दिसत नव्हतं. दुकानाची तीन वर्षांची रिटर्न पाहून साहेबांनी नाही म्हटलं. केळी विकल्याच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या (हिशेबाच्या पावत्या) आणि बँक खात्याचा उतारा लावल्यावर दुसऱ्या बँकेने १६ लाख मंजूर केले. ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, हे मी ऐकून होतो. पण ती वरची मर्यादा झाली. हातात किती पडणार ते उत्पन्नावर ठरतं. शिवाय बँकेसाठी किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरने फ्लॅट २२ लाखांचाच धरला.

म्हणजे ८ लाख आमचे, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील यांचे दीड लाख वेगळे. ते साठवलेल्या पैशातून दिले. सावकाराचे पैसे घालून बँकेचं कर्ज घ्यायचं नाही, यावर बायको ठाम होती आणि तिचंच बरोबर होतं. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर घेतला. महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे; २४ हजार वाचले. पैसा माझा असल्याने भाडं माझ्याच उत्पन्नात धरलं जाईल, हे सीएंनी आधीच सांगितलं होतं.

खरी अडचण सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे वकिलांनी केलेल्या मालकीच्या जुन्या कागदांच्या तपासणीत निघाली. फ्लॅट विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होता. विकणाऱ्याच्या बहिणीने वारसा हक्क सोडल्याचा कागद होता, पण फक्त नोटरी केलेला. वकिलांनी त्या कागदावर बोट ठेवलं. "दादा, हक्कसोडपत्र नोंदवलेलं लागतं. हा कागद बँक धरणार नाही." बयाणा मी देऊन बसलो होतो, त्या रात्री झोप लागली नाही. त्या बहीण, ताई, सुरतला राहतात. भावासाठी त्या रेल्वेने आल्या, दुय्यम निबंधक कार्यालयात दिवसभर बाकावर बसून राहिल्या. संध्याकाळी अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. पदराने बोट पुसून तीनदा ठेवलं, तेव्हा कुठे उमटला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

१५ वर्षांचं कर्ज, ९ टक्के व्याज, हप्ता साधारण १६,२००. भाडं येतं ८,५००. वरचे ७,७०० दुकानातून जातात. केळीचा पैसा मी हप्त्यात धरलेलाच नाही. तो आला की मुद्दलात भरतो; फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला आधी पैसे भरल्याचा दंड नाही. यंदा मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचे) एक लाख तसेच भरले.