तुम्ही विचारलंत म्हणून: प्रथिनांची सोयरीक

फोंडा, म्हापसा, पेडणे, कुठेही प्रथिनांवर बोलायला गेले की शेवटी कुणीतरी उठून हेच विचारतं: “बाई, दोन प्रथिनं दिसायला सारखी निघाली म्हणून लगेच नातेवाईक कशी? योगायोग नसेल कशावरून?” विचारणारा सहसा विज्ञानाचा नसतो. विज्ञानाची मुलं वहीत उतरवून घेतात नि गप्प बसतात.

गोव्यात याचं उत्तर द्यायला सोपं जातं. पोर्तुगीज अमदानीत कुटुंबं नदीपलीकडे गेली, काही कारवार-मंगळूरपर्यंत उतरली, आडनावं बदलली. म्हणून लग्नाची बोलणी निघाली की जुनी माणसं आडनावावर थांबत नाहीत, कुलदैवत विचारतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या छोट्या रेणूंची घडी पडलेली साखळी. त्यातला अमिनो आम्लांचा क्रम म्हणजे आडनाव. कोट्यवधी वर्षांत त्यातलं एकेक अक्षर बदलत जातं आणि शेवटी ओळख पटेनाशी होते. साखळीची घडी, म्हणजे तिचं कुलदैवत, मात्र टिकते, कारण घडी मोडली की प्रथिन कामातून जातं आणि असा बदल सहसा पुढच्या पिढ्यांत टिकत नाही.

घडी बघायची एक नेहमीची वाट म्हणजे प्रथिनाचा स्फटिक करणं. शुद्ध प्रथिनाचा मायक्रोलिटरभर थेंब घ्यायचा, त्यात मिठाचं किंवा पॉलिइथिलीन ग्लायकोलचं तेवढंच द्रावण मिसळायचं. थेंब काचेवर ठेवून काच त्याच द्रावणाच्या खळग्यावर उलटी बसवायची, कडेला ग्रीस लावायचं आणि वाट बघायची. थेंबातलं पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू खाली जातं. नशिबात असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली धारदार कडा दिसतात. एरवी नुसता साका. स्फटिक मिळाला की त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून घडी काढायची. इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, ही सोय आपल्या देशातही आहे.

माझं आवडतं उदाहरण पर्फोरिनचं. विषाणू शिरलेल्या पेशीला मारण्यासाठी आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या मारेकरी टी-पेशी हे प्रथिन सोडतात. त्याचे रेणू त्या पेशीच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, कडं करून बसतात आणि भोक पाडतात. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं जिवाणूंना हाच इंगा दाखवतात. आता पलीकडची फळी बघा: न्यूमोनियाचा न्यूमोकोकस, गॅस गँग्रीनचा क्लॉस्ट्रिडियम. आपल्या पेशींना भोकं पाडणारी विषं तेही बनवतात. दोन्हींचे क्रम शेजारी ठेवले तर साम्य औषधालाही सापडत नव्हतं. क्लॉस्ट्रिडियमच्या विषाची रचना 1997 मध्येच हाती आली होती. 2007 मध्ये कॉम्प्लिमेंटच्या सी8 प्रथिनाच्या एका भागाची रचना कळली, त्याच वर्षी एका जिवाणूतल्या त्याच्या भाऊबंदाचीही, आणि बघतात तर काय: मध्ये तोच वाकलेला, पिळलेला चार पट्ट्यांचा बीटा पट (साखळीचे ताठ भाग शेजारी-शेजारी बसून झालेला) आणि त्याला लगटून हेलिक्सचे, म्हणजे मळसूत्री गुंडाळ्यांचे, तेच दोन झुपके. खुद्द पर्फोरिनची रचना 2010 मध्ये आली. तीही त्याच घराण्यातली.

म्हणजे शत्रूचं विष आणि आपलं हत्यार सख्खे नसले तरी चुलत खरेच.

नुसतं रूप सारखं असतं तर मीही शंका काढली असती. पण इथे कुठली पट्टी कुठल्या पट्टीशेजारी बसते, तो क्रमही जुळतो. शिवाय वेळ आली की ते झुपके उलगडून लांब पट्ट्या होतात आणि पटलात घुसतात, ही वाकडी वाटही दोन्हीकडे तीच. भोक पाडायची गरज दोघांना वेगवेगळी पडू शकते. त्यासाठी इतकी आडवळणाची, तपशिलासकट सारखी युक्ती दोनदा आपोआप घडावी, हे मला पटत नाही.

योगायोग होतच नाहीत असं मात्र नाही. लँप्रे हा जबडा नसलेला माशासारखा प्राणी. प्रतिपिंडांचं काम करणारी प्रथिनं त्याच्याकडेही आहेत, हे 2004 मध्ये कळलं. आपल्या प्रतिपिंडात बीटा पटांची जोडी एकमेकींवर बसलेली असते. लँप्रेच्या प्रथिनात ती घडीच नाही, तिथे ल्युसीन हे अमिनो आम्ल पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची कमान आहे. काम एक, घराणं वेगळं. केवळ कामावरून सोयरीक जुळवली असती तर फसगत झाली असती.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग हत्यार कुणी कुणाचं उचललं? ते घडीवरून सांगता येत नाही. पूर्वज एक, एवढंच ती सांगते. दिशा ठरवायला कुठल्या जीवांत हे प्रथिन आहे नि कुठल्यांत नाही याचा वंशवृक्ष काढावा लागतो. त्यात जिवाणू शेजाऱ्यापाजाऱ्यांना जनुकं देऊन मोकळे होतात, त्यामुळे फांद्या एकमेकींत गुंततात.