अप्पांच्या मृत्युपत्रावरचा डाग माझा आहे

आईचा फोटो आला तेव्हा मी आइंडहोवनच्या स्टेशनवर उभी होते. जुलै २०२४. आधी वाटलं सोसायटीची नोटीस असेल, कारण नौपाड्यात हल्ली दुसरं काही येतच नाही. आमची बिल्डिंग तीन वर्षं रिडेव्हलपमेंटला ‘जाते’ आहे. फोटो मोठा करून बघितला तर वर दिवाणी न्यायालय, ठाणे, खाली गोल शिक्का आणि मधे माझं नाव, माहेरचं. साक्षीदारास समन्स.

पाठोपाठ आईचा व्हॉइस मेसेज. “बेलीफ आला होता. मी म्हटलं, ती हॉलंडला असते. तो म्हणाला, तसं लिहून देतो, आम्ही काय हॉलंडला जात नाही. चहा घेऊन गेला.”

दावा कसला ते विचारायची गरज नव्हती. समोरच्या फ्लॅटमधले अप्पा २०२१ मध्ये गेले. मागे त्यांची मुलं, दादा आणि ताई. अप्पांनी २०१४ मध्येच मृत्युपत्र करून फ्लॅट ताईला दिला होता, काकू गेल्यापासून तीच त्यांचं सगळं बघायची म्हणून. दादाने वाटपाचा दावा टाकला. म्हणणं असं की अप्पांचा हात थरथरायचा, ती सही त्यांची नाहीच. जुन्या जागेसाठी हे दोघे भांडले असते असं मला वाटत नाही. बिल्डरने नव्या जागेचा आकडा सांगितला आणि जिन्यात समोरासमोर आले तरी बोलेनासे झाले.

मृत्युपत्रावर साक्षीदारांच्या दोन सह्या आहेत. एक आमच्या फॅमिली डॉक्टरांची. ते कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. दुसरी माझी.

एक सांगून ठेवते. मला सायकल दादाने शिकवली, घंटाळी मैदानात, सीट मागून धरून. आणि दहावीच्या निरोप समारंभाला साडी ताईने नेसवली, बावीस पिना लावून. तेव्हा मी कुणाच्या बाजूची, हे मला विचारू नका.

ताईच्या वकिलांनी पहिल्याच फोनवर शिकवणी घेतली. मृत्युपत्र कोर्टात शाबीत करायचं तर त्यावरच्या साक्षीदारांपैकी निदान एकाला तपासावंच लागतं, तो हयात असेल आणि साक्ष द्यायच्या स्थितीत असेल तर. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६८. १ जुलैपासून त्या कायद्याच्या जागी नवा भारतीय साक्ष अधिनियम आलाय, पण आमचा दावा आधीपासून चालू आहे म्हणून जुनंच कलम. एरवी मृत्युपत्रातल्या साक्षीदाराला मजकूर माहीत असायचीही गरज नसते. मलाही नव्हता. अप्पांनी वरचा भाग पेपरने झाकून ठेवला होता.

“आणि मी आलेच नाही तर?”

वकील जरा थांबले. मग म्हणाले की दिवाणी दाव्यात फार लांबच्या साक्षीदाराला जातीने हजर राहायला कोर्ट भाग पाडत नाही. शंभर किलोमीटरच्या आतला असेल तर पाडतं. बहुतेक वाट रेल्वेची किंवा आगबोटीची असेल तर पाचशेच्या आतला. आगबोट! १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता मी नंतर उघडून बघितली. खरंच आहे, सोळाव्या आदेशाचा एकोणिसावा नियम. आगबोट तिथे अजून धक्क्याला लागलेली आहे.

म्हणजे कुणी मला धरून नेणार नव्हतं. चार दिवस बरं वाटलं. त्यात दादाचा आईला फोन: “काकू, तिला कशाला उगाच हेलपाटा?” आणि ताईचा मला मेसेज, नुसते हात जोडलेले. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. आई म्हणाली, “अप्पांकडे हापूस खाताना बरी वेळ होती तुला.”

मग मसुदा आला. दिवाणीत सरतपास, म्हणजे साक्षीदाराचं स्वतःचं सांगणं, आता प्रतिज्ञापत्रावर देतात; उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न, तेवढा तोंडी. तीन पानं, तिसऱ्या परिच्छेदात हे वाक्य: “मयत यांनी सदर मृत्युपत्रावर माझ्या समक्ष सही केली व ती करताना मी प्रत्यक्ष पाहिले.”

हे वाक्य मी पंधरा वेळा तरी वाचलं असेल. कारण त्या सकाळचं मला सगळं आठवतं. मे महिना, रविवार. डायनिंग टेबलवर स्टीलच्या ताटलीत हापूसच्या फोडी, डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवलेला, पंखा दोनवर कारण कागद उडतात. अप्पांनी शाईच्या पेनाचं टोपण काढलं, आणि खाली कुणीतरी आमच्या गेटसमोर गाडी लावली म्हणून वॉचमन ओरडायला लागला. मी उठून गॅलरीत गेले. बघून परत आले तेव्हा अप्पा रविवारच्या पेपरची कड सहीवर दाबत होते, शाई टिपायला.

सही होताना मी पाहिलेलीच नाही. मी एक पांढरी गाडी पाहत होते.

वकिलांना तसं लिहिलं. त्यांचा फोन आला, आवाजात थोडा वैताग. “मॅडम, ही ठरलेली भाषा असते. सगळे असंच लिहितात.” मी म्हटलं, सगळ्यांनी पाहिलं असेल, मी नाही पाहिलं. बराच वेळ नुसता त्यांच्या ऑफिसातला प्रिंटर ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, “बरं, परत आल्यावर ते काही बोलले का तुमच्याशी?”

बोलले ना! कागद माझ्याकडे फिरवून, सहीखाली बोट ठेवून म्हणाले, “ही माझी सही. नीट बघून घे. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.” अप्पा म्हाडातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, त्यांना कागदाचं पुढे काय होतं ते ठाऊक असावं.

“अहो, मग हेच सांगा ना!” वकील एकदम ताजेतवाने झाले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात, कलम ६३ मध्ये, साक्षीदाराने सही होताना पाहिलेली असावी किंवा करणाऱ्याने ‘ही माझी सही’ अशी कबुली स्वतः त्याच्याकडे दिलेली असावी, असं दोन्ही चालतं. शिवाय साक्षीदाराने आपली सही त्याच्यासमोर करायची, ती मी केलीच होती. अप्पांच्याच पेनाने. शाईचं पेन सातवीनंतर हातात न धरलेलं, निब उलटं धरलं आणि माझ्या आडनावाच्या शेवटी मसुराएवढा डाग पडला. अप्पा म्हणाले होते, “असू दे, ओळखायला बरं.”

परिच्छेद बदलला. मी हेगला, आपल्या दूतावासात जाऊन, शपथेवर सही करून पाठवला.

उलटतपास व्हिडिओवरून घ्यायचं ठरलं. २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष अशी घ्यायला परवानगी दिली होती, तेव्हापासून ही वाट मोकळी आहे. मला वाटलं घरूनच, लॅपटॉपसमोर, खाली पायजमा घालून. तसं नसतं. साक्षीदार परदेशात असेल तर त्या टोकाला दूतावासाचा अधिकारी हजर लागतो, कुणी मागून पढवत नाही ना हे बघायला. त्यामुळे सप्टेंबरात पुन्हा हेग. आईने विचारलं, “कुलभूषण जाधवांची केस चालली तेच ना?” तेच. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ चा तो निकाल तिथेच दिला. देश एकमेकांना खेचतात त्या गावात मी नौपाड्याच्या टू बीएचकेसाठी गेले होते.

ठाण्यात जेवणाची सुट्टी संपली तेव्हा माझ्याकडे सव्वाअकरा. पडद्यावर एक पंखा, अर्धा काळा कोट आणि कुणाचा तरी हात. मला शपथ दिली. तीन प्रश्न झाले. मग दादाचे वकील म्हणाले की मूळ मृत्युपत्र साक्षीदाराच्या हातात द्यायचंय, शाई आणि डाग कॅमेऱ्यातून कळत नाहीत. हरकत नोंदली गेली, त्यावर युक्तिवाद झाला, पुढची तारीख पडली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघून पाणी पुढे केलं. डागाचं म्हणाल तर त्यांचं बरोबर होतं. त्या पडद्यावर मला न्यायाधीशांचा चेहराही कळत नव्हता.

फेब्रुवारीत चुलतभावाचं लग्न होतं, म्हणून तारीख जुळवून घेतली आणि मीच गेले.

कोर्ट नाका मला लहानपणापासून फक्त रिक्षावाल्याला सांगायची खूण म्हणून माहीत. आत पहिल्यांदाच. बाहेर झेरॉक्स, स्टॅम्प, टायपिंग. आत बाकावर ताई एका टोकाला, दादा दुसऱ्या. मधल्या जागेत मी बसले, कारण तेवढीच मोकळी होती. शिपायाने पुकारा केला तेव्हा माझं माहेरचं नाव मलाच आधी ओळखू आलं नाही.

मूळ कागद हातात दिला. वर निशाणीचा, म्हणजे कोर्टातल्या पुराव्याचा, नंबर पडलेला. अकरा वर्षांत शाई निळ्याची काळपट झाली होती, डाग मात्र तसाच, गोल, आणि त्याच्या कडेला माझ्या अंगठ्याची रेघ. मला त्या डागावरून बोट फिरवावंसं वाटलं. फिरवलं नाही.

“मयतांना सही करताना तुम्ही पाहिलं नाही, बरोबर?”

“बरोबर.”

ताईने मान खाली घातली. तिला वकिलांनी सांगितलं नव्हतं की काय, कोण जाणे.

“हा डाग मयतांचा हात थरथरत होता म्हणून पडला.”

“नाही. माझ्या हातून पडला. मला ते पेन धरता येत नव्हतं.”

“आज तुम्ही इंग्रजीत सही करता. ही मराठीत आहे. ही सही तुमची नाहीच, असं माझं म्हणणं आहे.”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. तिकडे बँकेपासून पाळणाघरापर्यंत सगळीकडे मी एक नागमोडी इंग्रजी रेघ ओढते. “तेव्हा मी अशी करायचे,” एवढंच म्हटलं.

समोर टाइप होत होतं: “हे म्हणणे खरे आहे की, मी मयतांना सही करताना पाहिले नाही. हे म्हणणे खोटे आहे की, निशाणीवरील सही माझी नाही.” कोर्टाच्या मराठीत नकार इतके एकात एक असतात की आपण नक्की हो म्हटलं की नाही हे बोट ठेवून वाचावं लागतं. मी वाचलं, दोनदा. मग जबाबाच्या प्रत्येक पानावर सही मागितली. मी विचारलं, कुठली करू? “करता ती करा,” टाइप करणाऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या. मराठीत केली. बॉलपेन होतं, डाग पडला नाही.

निकाल अजून लागलेला नाही. युक्तिवाद बाकी आहे.

बाहेर आले तर दादा टपरीशी उभा. मी दुसरीकडून जायला बघत होते, पण त्याने दोन बोटं वर करून दोन चहा सांगितलेही होते. ताई वकिलांबरोबर आतच होती. कपाची कड फार गरम होती म्हणून दोघेही नुसतेच उभे.

“तिकडे सायकल चालवतेस का अजून?”

“रोज. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर.”

“पुढचा ब्रेक आधी दाबायचा नाही.”

“तिकडे हातात ब्रेकच नसतो कित्येक सायकलींना. पेडल उलटं मारायचं.”

“उलटं?” दादाने कप फळीवर ठेवला. “दाखव बघू कसं.”

मग कोर्ट नाक्यावर, हातात फाइल आणि पर्स घेऊन, मी एक पाय उचलून दाखवलं.