आज्जी, मधी बसा

रविवार, रात्री साडेदहा.

खांदा दुखतोय. पण लिहायला बसलेय ते खांद्यामुळे नाही.

"आज्जी, आणा ती पिशवी हिकडं. तुमी मधी बसा, कडंला नगं." एवढंच म्हणाला उजनी धरणावरचा तो होडीवाला. मी हो-नाही म्हणायच्या आत सॅक त्याच्या हातात गेली होती. निकी आणि तिच्या दोघी मैत्रिणी 'ताई'. मी आज्जी.

आता यात लागण्यासारखं काय आहे? शेजारची पोरं म्हणतात, भाजीवाली म्हणते. तिथं काही वाटत नाही. पण काल पारेवाडीला उतरल्यापासून ती सॅक मीच वाहिली होती. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये फुफाटा आणि पोरी दर दहा मिनिटांनी "मावशी, थांबायचं का?" विचारत होत्या. एकदाही थांबले नाही. रात्री वस्तीवर पत्र्याखाली झोपले, पहाटे गार पाण्यानं तोंड धुतलं. हे सगळं त्या पोराला कुठं माहीत होतं? त्यानं फक्त माझे केस बघितले.

सॅक चिन्याची. असो.

रोज पेपरात आधी उजनी किती टक्के, अधिक का उणे, ते बघायचं आणि मग बाकीचं जग, ही आपली सोलापूरकरांची सवय. पण ते टक्के असे दिसतात हे ठाऊक नव्हतं. पलीकडचा काठ धुक्यात, पाण्यातून वर आलेल्या वाळक्या बाभळी आणि प्रत्येक फांदीवर पंख वाळत घातलेले पाणकावळे. कालव्याला पाणी सुटलं की कडेचा गाळ उघडा पडतो, आणि पाखरं त्या गाळासाठीच येतात. आपण मात्र त्याच वेळी पाणी किती उतरलं म्हणून घोर लावून घेतो. शेकाट्या होते, लांब लाल पायांवर तोल सावरत. चित्रबलाक. नदी सुरय डोक्यावरून जाऊन पाण्यात सूर मारत होते. चक्रवाकांची एक जोडी गाळावर बसली होती. रात्री ती म्हणे दोन काठांवर वेगवेगळी होतात, जुन्या कवितांत तसं आहे. मी दुसरीकडे बघितलं.

रोहित पक्षी लांब होते, शे-दोनशे तरी असतील. मान खाली, चोच उलटी करून पाण्यातून शेवाळ आणि बारीक किडे गाळत चाललेले. जवळ चला म्हणून पोरी मागे लागल्या, पण त्यानं इंजिन बंदच केलं. "न्हाय ओ ताई. जवळ गेलं की उडत्यात, मंग चरत न्हाईत." हे मला आवडलं. आवडलं म्हणून आणखी राग आला. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

थव्यात काही राखाडी होते. निकी म्हणाली, "ते म्हातारे का?"

"ती पिल्लं हायती. गुलाबी व्हायला वर्षं लागत्यात."

मला हसूच आलं. मोठ्यांदा. रोहितांच्यात राखाडी म्हणजे पोर! मी त्याला म्हणणार होते, बघ, मग मला आज्जी कसा म्हणतोस? नाही म्हटलं. त्याला कळलं नसतं, किंवा कळलं असतं.

पट्टकादंबही दिसले. डोक्यावर दोन काळे पट्टे ओढलेले हंस. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, 7 हजार मीटरच्याही वरून उडाल्याची नोंद आहे. पाठीवर काही नसतं हो त्यांच्या. माझ्या सॅकमध्ये काय होतं ते आता खरं सांगून टाकते: कडक भाकरी चौघींना चार दिवस पुरतील एवढी, शेंगाचटणीचा डबा, दोन शाली, बॅटरी, बीपीच्या गोळ्या आणि स्टीलचा तांब्या. तांब्या कशाला? मलाही माहीत नाही. त्यानं सॅक उचलली तेव्हा "ह्यात काय दगडं हायती का" असं त्याचं तोंड झालं होतं, ते आता आठवतंय.

परत येताना तो म्हणाला, "हितं खाली आमच्या आज्याचं घर हाय." मी पाण्यात बघितलं. हिरवट पाणी, दुसरं काही नाही. धरण पुरं झालं 1980 साली. तेव्हा मी सातवीत होते. तो असेल पंचवीसचा. म्हणजे त्याची आई माझ्याहून लहान. हिशेब मांडला तर त्याचं काही चुकलेलं नाही. हा हिशेब मी होडीतच केला होता, घरी आल्यावर पुन्हा केला. उत्तर तेच.

काठावर उतरताना त्यानं हात पुढं केला. मी धरला. काय करणार, चिखल होता.

आत्ता निकीनं फोटो पाठवलाय. मागे गुलाबी पट्टा, फार सुंदर. आणि पुढे मी: तोंड उघडं, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली, कडेला बसले असते तर गेलेच असते असा चेहरा. ग्रुपवर टाकू नकोस म्हणून तिला लगेच कळवलं. तिनं आधीच टाकला होता.

खाली पहिला मेसेज जाऊबाईंचा. वहिनी मस्त नाही, पक्षी छान नाही. "सॅक चिन्याची ना ही?"

अजून उत्तर दिलेलं नाही. पहाटे पाणी येणार आहे, पिंप आधी धुवून ठेवायला हवं.