कापसाचा पांढरा आणि मातीचा काळा: माझा टेस्ट प्रिंटचा अनुभव

आजीचा हा फोटो मी सीतादहीच्या दिवशी काढला, म्हणजे कापूस वेचायला सुरुवात करताना वावरात पूजा करतात त्या दिवशी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं वावर, खाली काळी माती, आजीच्या ओटीत पहिल्या वेच्याचा कापूस आणि डोक्यावर पदर. रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे काढला होता म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करताना हातात भरपूर होतं, ऑरेंजचा स्लायडर वर नेला की आजीचा चेहरा उजळायचा, निळा खाली ओढला की आभाळ गडद व्हायचं, फार ओढला तर त्यात दाणे दिसायला लागायचे. लॅपटॉपवर इतकं छान दिसत होतं की मी सरळ तालुक्याला जाऊन एका लॅबमधे ८ बाय १२ इंची प्रिंट टाकून आलो.

प्रिंट आला तो हिरवट आणि अंधारलेला. लॅबच्या कलर पेपरवर राखाडी रंग तीन रंगांच्या थरांतूनच बनतो, जरा तोल गेला की छटा येते, आणि वरून मशीनने स्वतःच करेक्शन मारलेलं, ते बंद करा म्हणून आधी सांगायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजीने प्रिंट हातात घेतला, बराच वेळ पाह्यला आणि म्हणाली, "काहून बाबू, मी येवढी काळी हाय का?" मला खूप वाईट वाटलं. चेहऱ्यासाठीच तर फोटो काढला होता.

तिथल्याच एका जुन्या स्टुडिओवाल्या काकाजींना दाखवला. ते म्हणाले, अरे आम्ही कधी पूर्ण कागद पहिल्यांदा टाकतच नव्हतो, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदाची पट्टी ठेवायची, वरून पुठ्ठा सरकवत ५ सेकंद, १० सेकंद, १५ सेकंद असं उजेड द्यायचं, मग ठरवायचं. तू बी पट्ट्या काढ, कम्प्युटर असला म्हणून काय झालं.

मग मामेभावाच्या दुकानात बसलो, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे त्याचं, प्रिंटर सहा शायांचा, त्यात एक ग्रे. मॅट कागद कुरिअरने मागवला. पहिली गोष्ट म्हणजे लॅपटॉपचा ब्राइटनेस, मी कायम फुल्ल ठेवायचो, स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, म्हणून फुल्लवर एडिट केलेला फोटो कागदावर अंधाराच येणार. पांढऱ्या कोऱ्या कागदाशेजारी पांढरी स्क्रीन ठेवून दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. दुसरं म्हणजे कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) सॉफ्टवेअरमधे निवडलं तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट, म्हणजे त्याची स्वतःची रंगदुरुस्ती, बंद करायचं, माझे सुरुवातीचे दोन कागद दोन्हीकडे चालू राहिल्यामुळेच वाया गेले.

त्यानंतर फोटो बाजूला ठेवून आधी नुसती राखाडीची शिडी छापली, कोऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत २१ पायऱ्या, प्रत्येक ५ टक्क्यांची. ९५ आणि १०० टक्के एकच दिसत होतं, ९० पण कसंबसं वेगळं. मॅट कागद उजेड विखुरतो म्हणून त्याचा काळा ग्लॉसीइतका खोल जात नाही, साध्या स्क्रीनवर उजळ-गडदचं प्रमाण साधारण १००० ला १ असतं, मॅटवर ते ५० ला १ च्या आसपास येतं. आणि आमच्या मातीची सगळी ढेकळं, भेगा, पऱ्हाटीची (कापसाच्या झाडाची) सावली नेमकी त्या शेवटच्या पायऱ्यांतच बसलेली! म्हणजे जिथं मला वावर दिसायला पाहिजे होतं तिथं कागदावर डांबर ओतल्यासारखं होणार होतं.

फोटोतून मग एकच तुकडा कापला, ज्यात माती, कापूस आणि आजीचा गाल तिन्ही येतात. एका ए४ वर त्याचे चार तुकडे, प्रत्येकाचा कर्व्ह, म्हणजे उजळ-गडदचा तोल, वेगळा, मागे पेन्सिलने नंबर आणि काय बदललं ते लिहायचं. हे लिहिणं अजिबात टाळू नका, दुसऱ्या दिवशी कोणती पट्टी कशाची हे अजिबात आठवत नाही. आणि लगेच ठरवायचं पण नाही, शाई पूर्ण सुकायला वेळ लागतो, मी रात्रभर ठेवायचो. एकदा मधेच लाईट गेली आणि अर्ध्या कागदावर आडवी रेघ आली, तेव्हापासून प्रिंटर इन्व्हर्टरवर. उन्हाळ्यात तर रोज आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा नमुना, काढावा लागायचा.

पट्ट्या घेऊन आजीकडे जायचो. पट्टी २ पाहून म्हणाली, "हा कापूस होय का? चुना सांडल्यावानी दिसून राह्यला." बरोबर होतं, पांढरा पूर्ण फुटला होता, तिथं शाईच पडली नव्हती. मग मी हायलाइट्स (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) खाली ओढले, जास्तच ओढले, पट्टी ५ बघून म्हणाली, "हा तं फरदडीचा कापूस." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीचा हलका कापूस. ज्या बाईने पन्नास वर्षं कापूस वेचला तिला पांढऱ्यातला फरक कोणत्याही मीटरपेक्षा चांगला कळतो, मी मनापासून सांगतोय.

पट्टी ७ दारातल्या उजेडात ठीक होती, पण रात्री घरातल्या एलईडीखाली गुलाबी मारायला लागली. रंगीत शाया मिसळून केलेला राखाडी उजेड बदलला की छटा बदलतो. नुसतं ग्रेस्केल टिक करून पाहिलं तर आभाळात काळे टिपके दिसायला लागले. शेवटी रंगीत मोडच ठेवला, किंचित उबदार टोन दिला, म्हणजे दिवसा-रात्री दोन्हीकडे खटकत नाही, आणि पट्ट्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवरच चिकटवून बघायला लागलो, कारण फोटो तिथंच लागणार होता आणि तिथं खिडकी एकच, लहानशी.

पट्टी ११ मधे ढेकूळ न् ढेकूळ वेगळं दिसलं आणि कापसात सरकीजवळची हलकी सावली पण राहिली. आजी चष्मा लावून म्हणाली, "हा पयल्या वेच्याचा." मग पूर्ण ए४ काढला.

आता पोळ्याचा बैल घेतलाय, पांढरा बैल आणि मागं भरून आलेलं आभाळ. शिडी तीच चालेल, कागद तोच आहे, पट्ट्या मात्र परत पहिल्यापासून.