लाहोरचा कागद

आमच्या घरातल्या गप्पांमध्ये धाकटे आजोबा कायम लाहोरला असायचे. माझ्या आजोबांचे हे पाठचे भाऊ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते पलटणीत भरती झाले, रजेवर येऊन लग्न करून गेले आणि परत आलेच नाहीत. मागाहून लाहोरचा सरकारी लिफाफा आला. पोस्टमनने पारावरच ‘लाहोरहून आलंय’ म्हणून सांगितलं आणि गावाने तेवढंच धरलं. पुढे फाळणी झाली आणि लोकांना उरलेली गोष्टही मिळाली: पोरगा तिकडंच अडकला, तिकडंच दुसरा संसार थाटला.

धाकटी आजी मात्र मोहोळ तालुक्यातल्या त्या घरात राहिली. कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा. वटपौर्णिमेला उपास करायची, संक्रांतीला सगळ्यांच्या आधी वाण लुटायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, “आहेत की तिकडं.” लाहोर आणि आपल्यात आता सीमा आहे, लढाया झाल्यात, हे तिला ठाऊक होतं. तरीही म्हणायची. मी कॉलेजात असताना ती गेली. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून तिला नेलं.

गावचं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे जुळे सोलापुरात आली. शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, वाटणीपत्रं, कितीतरी मोडीत. सगळ्यांत खाली मेणकापडाची एक पुरचुंडी होती.

मी टपाल खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे पत्र हातात आलं की मजकुराआधी शिक्का बघायची सवय. पुरचुंडीतल्या कार्डावर गोल शिक्का होता, त्यात ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ आणि नुसता आकडा. गावाचं नाव नाही. शेजारी सेन्सॉरचा शिक्का. लढाईच्या मुलखातल्या टपालावर ठिकाण कळूच द्यायचं नाही, म्हणून ही व्यवस्था. मजकूर पेन्सिलीचा, बाळबोध. मी खुशाल आहे, मनिऑर्डर पोचली का कळवा, पांढऱ्या बैलाचा पाय बरा झाला का, आईस दंडवत. बायकोचा उल्लेख नाही. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्या काळी कोण करणार! पण शेवटी ‘घरातील सर्वांस’ असं लिहून ‘सर्वांस’खाली एक रेघ ओढली आहे. त्या रेघेवर माझं बोट बराच वेळ होतं.

पत्ता लागला तो पाठवणाऱ्याच्या कोपऱ्यातून. तिथे त्यांचा शिपाई नंबर होता आणि पुढे २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री. तेव्हा रेजिमेंटचं नावच पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री होतं. २/५ म्हणजे तिची दुसरी बटालियन. आपल्या घरातलं असं कुणी शोधत असाल तर आधी नंबर शोधा. नावं इंग्रजीत कशीही लिहिली गेली आहेत, आडनाव कधी आहे, कधी नाही, आणि जिल्हा शोधायचा तर सोलापूर नव्हे, ‘शोलापूर’. नंबर सहसा फसवत नाही.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. तिथे नंबर टाकला आणि ते समोर आले. शिपाई. तारीख २० जून १९४२. अल अलामीन स्मारक, इजिप्त. या स्मारकावर थडगं किंवा दहनाची जागा माहीत नसलेल्यांची नावं कोरली आहेत.

ते लाहोरला कधी गेलेच नव्हते.

२० जून १९४२ या दिवशी लिबियात तोब्रुकच्या संरक्षक फळीवर जर्मन सेनापती रोमेलचा निर्णायक हल्ला झाला. आग्नेय बाजूने. नेमकी त्याच बाजूला आपली दुसरी मराठा होती. आधी विमानांनी बॉम्ब टाकले, मग सुरुंग काढत रणगाडे आत घुसले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. इतक्या गोंधळात कोण मेलं, कोण कैदेत गेलं, हे घरी कळायलाच कितीतरी काळ जायचा. आधी ‘बेपत्ता’, आणि कैद्यांच्या यादीत नाव आलंच नाही की मग ‘मृत मानण्यात येत आहे’.

पुरचुंडीतला लाहोरचा कागद मी त्यानंतर वाचला, म्हणजे नीट वाचला. फाळणीआधी लष्करी पेन्शनच्या हिशेबाचं ऑफिस लाहोरला होतं. नंतर ते अलाहाबादला आलं. त्या लिफाफ्यात कुटुंब पेन्शनचा हुकूम होता. वारस म्हणून मयताचे वडील, म्हणजे माझे पणजोबा. त्याखाली टाचणीने लावलेल्या ट्रेझरीच्या पावत्या, टाचणी गंजून कागदाला तांबूस डाग पडलेला. प्रत्येक पावतीवर पणजोबांची मोडीतली सही. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींना दाखवली तर ते म्हणाले, “हात थरथरत नाही हो कुठं.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. हुकूम इंग्रजीत होता, पण ट्रेझरीतल्या कारकुनाने पैसे देताना कशाचे ते सांगितलं असणारच. आत्याला विचारलं. ती आता नव्वदीकडे झुकली आहे. म्हणाली, “आज्जा तालुक्याला जायचा. सारा भरायला जातो म्हणायचा. येताना शेंगाचटणी न्‌ बत्तासे आणायचा.”

मी पणजोबांवर चिडले. अजूनही चिडते. अठरा-एकोणीस वर्षांची पोर आयुष्यभर वाट बघत बसली आणि सासऱ्याने कागद मेणकापडात बांधून ठेवला. माहेरी गेली असती, दुसरं काही झालं असतं. पणजोबा वारल्यावर तिच्या हक्काचं काही होतं का, हेही विचारायला कुणी गेलं नाही. आत्या मात्र ऐकून घेईना. “तू रांडाव बाई बघितलीस का त्या वक्ताची? कोपऱ्यात बसवायचे. काकीला कुणी बसवलं नाही. वाण लुटायला पहिली काकी.” आत्याचं म्हणणं खरं आहे. माझा राग गेलेला नाही.

आणखी एक गोष्ट त्या यादीत आहे. नावापुढे अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, शोलापूर, असा मजकूर आहे. धाकट्या आजीचं नाव तिथे आहे, स्पेलिंग चुकीचं, पण तिचंच. परदेशातल्या नोंदवहीत ती कुणाची कोण हे लिहून ठेवलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला कुणी नव्हतं.

मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला मी अर्ज केला आहे. नंबर, बटालियन, पेन्शन हुकमाची प्रत, सगळं जोडलं. भरतीच्या वेळचा कागद मिळाला तर उंची, खूण, सही, काहीतरी कळेल. फोटो आमच्याकडे एकही नाही.

भाद्रपद जवळ आला तसा चुलतभावाचा फोन आला. धाकट्या आजीचं पान आम्ही आजवर अविधवा नवमीला वाढत आलो, कारण ती सवाष्ण गेली. आता कागदाप्रमाणे ती बेचाळीस सालीच विधवा झालेली. मग नवमी चालेल का? भटजींना विचारायचं का? मी आत्याकडे फोन दिला. तिने दोन वाक्यांत निकाल लावला. काका शस्त्राने गेला, त्याचं चतुर्दशीला घाला. काकीचं नवमीलाच राहील, आणि सवाष्ण जेवायला घालायची ती चोळीबांगडीसकट.