भरल्या पोटी उपाशी

न्यूरो वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "मॅडम, बारा नंबरचे काका ऐकतच नाहीत. उपाशी ठेवलंय म्हणून मुलीवर ओरडतायत. तुमचं फीड कमी पडतंय का, जरा बघून जा."

मी इथली आहारतज्ज्ञ; फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, मीच ठरवून दिलेलं. ते कमी पडत नव्हतं. काका सत्तरीचे. ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या बुडाला, पक्षाघाताचा झटका आलेला. हातपाय बऱ्यापैकी चालू, डोकं लख्ख, आवाज घोगरा, पण गिळणं साफ बंद. स्वतःची लाळसुद्धा उतरत नव्हती, थुंकायला सतत किडनी ट्रे हाताशी लागायचा. नाकातून रायल्स ट्यूब. तिच्यातून ३०० मिलीची सहा फीड, दिवसाला १८०० कॅलरी, प्रथिनं वजनाच्या हिशोबाने. कागदावर सगळं चोख होतं.

मी पोचेपर्यंत आणखी एक भानगड झाली होती. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तक्रार ऐकून प्रत्येक फीड ४०० मिली केलं होतं. सकाळी पोट तट्ट फुगलेलं, ढेकरांवर ढेकर, मळमळ. आणि ओरड तीच. काकांनी पोटावर हात ठेवला आणि थांबत थांबत म्हणाले, "इथे जागा नाही गं. पण मी जेवलोच नाहीये."

मुलगी रडकुंडीला आली होती. "मॅडम, बाबांना भ्रम होतोय का?"

भ्रम अजिबात नव्हता. भूक म्हटलं की हल्ली सगळे हॉर्मोनवर बोट ठेवतात, आणि ते खोटंही नाही. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन हे भूक लावणारं हॉर्मोन स्रवतं, जेवणाआधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. नुसतं जठर ताणून ते फारसं उतरत नाही, अन्नातले घटक पुढे आतड्यात पोचावे लागतात. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे हॉर्मोन सुटतं, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप जातो. आणखी खाली आतड्यातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीचीच हॉर्मोन सुटतात. काकांचं फीड या सगळ्या वाटेवरून जातच होतं. फक्त या वाटेच्या आधीचा मुक्काम, म्हणजे तोंड, पूर्ण वगळला गेला होता. शिवाय आजारात वजन उतरलेलं. चरबी घटली की तिच्यातून स्रवणारं लेप्टिन हे हॉर्मोनही घटतं आणि मेंदू खाण्याच्या मागे लागतो, ते वेगळंच.

मला शिकवताना आमच्या सरांनी टॉमची गोष्ट सांगितली होती. १८९५ साली, नऊ वर्षांचा असताना, उकळतं सूप घशाखाली गेल्यामुळे या मुलाची अन्ननलिका कायमची बंद झाली. डॉक्टरांनी पोटातून थेट जठरात वाट काढून दिली. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्टुअर्ट वुल्फ आणि हॅरल्ड वुल्फ यांनी त्याच्या जठराचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये तो प्रसिद्ध केला. टॉम जन्मभर अन्न आधी तोंडात चावायचा, चव घ्यायचा आणि मग नरसाळ्यातून जठरात सोडायचा. सरळ जठरात ओतलं तर त्याला जेवल्यासारखंच वाटायचं नाही.

उलट बाजू रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांची. त्यांची अन्ननलिका गळ्याशी बाहेर उघडलेली असायची. खाल्लेलं तिथूनच बाहेर पडायचं. जठररस भराभर पाझरायचा, पण कुत्री खातच राहायची. नुसत्या तोंडानेही भागत नाही. मला त्या वॉर्डात हे दोन्ही एकदम आठवले, आणि करायचं काय तेही सुचलं: काकांना चव द्यायची, पण नळीतून फीड चालू असतानाच.

अर्थात हा निर्णय माझा एकटीचा नव्हता. रस श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनियाचा धोका. कन्सल्टंटची परवानगी घेतली, गिळण्याचंही बघणाऱ्या स्पीच थेरपिस्टला बोलावलं. तिने काकांना ताठ बसवलं, तोंडातला रस खेचून घ्यायचं सक्शन यंत्र हाताशी ठेवलं, सफरचंदाची जाड फोड गॉजमध्ये गुंडाळली आणि गॉजचं टोक स्वतःच्या बोटांत धरून ठेवलं. "काका, चावायचं. रस गिळायचा नाही, ट्रेमध्ये टाकायचा." फीड परत ३०० मिलीवर आणलं होतं. सिस्टरने ते नेहमीसारखं झटपट न देता अर्ध्या तासात संपेल इतक्या धिम्या वेगाने सोडलं.

काकांनी पहिल्यांदा चावलं आणि डोळे मिटले. मग ते अगदी तब्येतीत चावत बसले. थुंकायचे, तोंड पुसायचे, पुन्हा बोटाने मागायचे. कोणी बोलत नव्हतं. मुलगी तर श्वास रोखूनच उभी होती. फीड निम्म्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी स्वतःच गॉज बाजूला सारला. "बास."

घ्रेलिनची तपासणी आम्ही केली नव्हती, वॉर्डात ती कोणी करतही नाही. त्यामुळे रक्तात काय हललं ते मी छातीठोक सांगणार नाही. कॅलरी तर नेहमीच्या फीडइतक्याच होत्या. पण दुपारी ओरड झाली नाही, एवढं सिस्टरने चार्टवर लिहिलं.

पुढे गंमत झाली. काही दिवसांनी काकांना सफरचंद नकोसं झालं. तोंडाजवळ नेलं की मान फिरवायचे आणि खारट काहीतरी मागायचे. बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं की माणूस एका पदार्थाला कंटाळला तरी दुसऱ्या चवीला तयार असतो. भरपेट जेवणानंतर गोडाला जागा निघते ती यामुळेच. ती तृप्ती एका जेवणापुरती, हा दिवसांवर साचलेला कंटाळा. पण जातकुळी एकच. इथे तर एक घासही पोटात न जाता माणूस सफरचंदाला विटला होता! मुलगी म्हणाली, "आता खरे बाबा दिसायला लागले." थेरपिस्ट आणि मी मग खारट, चिवट आणि तोंडात न विरघळणारं असं काय देता येईल यावर वाद घालत बसलो. बिस्किट तिने लगेच बाद केलं, भुगा होतो म्हणून. शेवटी चीजच्या घट्ट तुकड्यावर एकमत झालं, तोही गॉजमध्येच.